म्हणून दावू, का वाचून?

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात अक्काताईंना पाठीमागून सगळे 'शी-अक्का' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. दारात कुणी पिंक टाकलेली दिसली की शी, दूधवाल्याचं बोट मापात बुडलं की शी, पाणी गाळायचं फडकं कुणी भलत्याच खुंटीवर टाकलं की शी. समोरच्या बाळाबाई म्हणायच्या, "ह्या जैनाच्या घरात कांदा शिजत न्हाय म्हणून काय झालं, अक्काताई नाकानं सोलतीच की." त्यावर बोळभर हशा व्हायचा. अक्काताईंना तो हशासुद्धा किळसवाणा वाटे, कारण हसणाऱ्या बायकांचे दात मशेरीनं काळे झालेले असत.

पण ही किळस वरवरची. चिमूटभर राखेनं हात धुतले की जाणारी. अक्काताईंच्या पोटात दुसरी एक किळस बसलेली होती, ती पस्तीस वर्षांत गेली नव्हती, आणि तिच्याबद्दल त्या कुणाशी बोलत नसत. चौऱ्याहत्तर सालच्या जून महिन्यात ती अचानक वर आली, आणि तिला निमित्त झालं गुळाचं.

अक्काताई राहायच्या धाकट्या भावाकडे. तवनाप्पाची शाहूपुरीत गुळाची अडत होती. माणूस वाईट नव्हता. बहिणीला त्यानं कधी उपाशी ठेवलं नाही, कधी घराबाहेर काढायची भाषा केली नाही. फक्त त्याला कौतुकाची भूक फार. बैल घेतला तर बैलाचं कौतुक, रेडिओ घेतला तर रेडिओचं. आता बरेच दिवस नवीन काही घेतलेलं नव्हतं, तेव्हा पाळी आली होती कांचनची. कांचन म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची, नुकतीच पहिली पास होऊन दुसरीत गेलेली.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की पुढच्या सोप्यात बैठक जमायची. कुणी ना कुणी पावणा असायचाच. मग तवनाप्पा खिशातला गुळाचा खडा पुढे करायचा, पावण्यानं तो चाखला की म्हणायचा, "गूळ ऱ्हाऊ दे, आमची पोरगी कशी वाचती बघा." कांचन वाचनमाला घेऊन मधोमध उभी राहायची आणि ओळीवर बोट फिरवत धबधब्यासारखी सुरू व्हायची. कुठं अडखळणं नाही, कुठं थांबणं नाही. पावणं माना डोलवायचं. तवनाप्पाची बायको विजयमाला दाराआडून ऐकायची आणि पदरानं डोळे टिपायची.

त्या दिवशी पुस्तकाची पानं तवनाप्पानंच उलटून दाखवली होती आणि त्याच्या बोटांना गूळ होता. अक्काताई माजघराच्या दारात गहू निवडत बसल्या होत्या. पुस्तकाची ती चिकट कड बघून त्यांच्या तोंडात 'शी' आलंच होतं, तेवढ्यात कांचननं पान उलटलं. एक नव्हे, दोन उलटली. गुळानं ती एकमेकांना चिकटली होती. समोर आलं ते आगगाडीचं चित्र असलेलं पान. कांचनचं बोट आगगाडीखालच्या ओळीवर चाललं होतं आणि तोंड सांगत होतं, "कोंबडीने पाच अंडी घातली. एक अंडे फुटले. त्यातून पिल्लू बाहेर आले."

कोंबडी चिकटलेल्या पानात होती.

कुणाच्या लक्षात आलं नाही. पावण्यानं टाळी वाजवली. अक्काताईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्यांना किळस आली, आणि ती गुळाची नव्हे, हे त्यांना पक्कं कळलं.

कारण ही विद्या त्यांनी स्वतः केली होती.

तेरा वर्षांच्या असताना त्यांना बघायला कागलचे लोक येणार होते. मुलगा सातवी फायनल पास. त्याची एकच अट होती, बायको वाचणारी पाहिजे. अक्काताईंना 'अ' ठाऊक नव्हता. त्यांच्या वडलांनी, आण्णांनी, शक्कल काढली. एका पोथीचं एक पान पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ म्हणून घेतलं, कुठल्या शब्दाशी बोट कुठं असलं पाहिजे तेसुद्धा घोटून घेतलं. बघायच्या दिवशी पोथी पुढं ठेवली, बरोबर तेच पान उघडलं, आणि अक्काताईंनी असं वाचलं की मुलाचा बाप म्हणाला, "सरस्वती हाय." सुपारी फुटली. आण्णा त्या रात्री पोट धरून हसले होते. अक्काताईही हसल्या होत्या. त्याचीच त्यांना पुढं सगळ्यात जास्त लाज वाटायची.

कागलला पहिल्याच चातुर्मासात सासूनं शेजारच्या बायका गोळा केल्या आणि नव्या सुनेपुढं पोथी ठेवली. पोथी निराळी होती. सून तरीही ते एकच पान घडाघडा म्हणत सुटली. सात-आठ बायका. आधी कुजबुज, मग एकीनं तोंडाला पदर लावला, मग सगळ्याच हसायला लागल्या. नवरा उंबऱ्यात उभा होता. तो हसला नाही, रागावलाही नाही. फक्त त्या दिवसापासून त्यानं बायकोकडे असं बघायला सुरुवात केली, जसं आपण ताटात निघालेल्या केसाकडे बघतो. वर्षभरानं सासऱ्यानं तिला कोल्हापुरात आणून माहेरच्या पायरीवर सोडलं. "फसवलंसा आमाला," एवढंच म्हणाला. आण्णा म्हणाले, नशीब.

त्यानंतर बाविसाव्या वर्षी, बस्तीतल्या उपाध्यांच्या बायकोकडून अक्काताईंनी पाटीवर मुळाक्षरं घेतली. बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर, तिथल्या पूजेअर्चेचं उपाध्ये बघायचे. पुढचं वाचायला घरात पुस्तक नव्हतं, म्हणून त्या वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद सोडवून वाचायला शिकल्या. अर्धी बातमी, फाटकी जाहिरात, कुणाचं तरी निधन. तीन वर्षं लागली. आता त्या चष्मा लावून जाडजूड पोथी वाचत, सावकाश, पण अक्षर न् अक्षर.

तर अशा बाईनं त्या संध्याकाळी पावणं गेल्यावर भावाला गाठलं.

"तवना, पोरीला वाचता येत न्हाय."

"आँ? आत्ता तर वाचली की."

"म्हणली. वाचली न्हाय. पान निराळं हुतं आणि तोंडात निराळं हुतं."

तवनाप्पानं पुस्तक बघितलं, चिकटलेली पानं सोडवली, आणि त्याला आनंदच झाला. "म्हंजे न बघता येतंय तिला. बघ की, काय डोकं हाय पोरीचं."

अक्काताईंनी कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती? दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या. मास्तर भला माणूस असावा, पण तळहातावर तंबाखू मळता मळता बोलत होता आणि मळून झाल्यावर त्याच हातानं फळा पुसत होता. "साठ पोरं हायती बाई वर्गात. एक म्हणतंय, बाकीची मागनं म्हणत्यात. तसंच असतंय. आणि पास झालीया न्हवं तुमची?" पास झालीय, पण येत नाही, असं अक्काताई म्हणाल्या. मास्तर म्हणाला, "येतंय हो पुढं आपोआप." साठ पोरांतली किती अशीच वर ढकलली असतील, हाच विचार करत अक्काताई घरी आल्या.

आपोआप काय येतं ते त्यांना माहीत होतं. आपोआप कागलचे लोक येतात.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची शाळा सुटल्यावर, दुपारी विजयमाला आडवी झाली की अक्काताई कांचनला घेऊन माजघरात बसू लागल्या. वाचनमाला त्यांनी फडताळात वरच्या फळीवर टाकून दिली. तिच्याऐवजी त्यांनी काढले पुड्यांचे कागद. शेंगदाण्याची पुडी, हळदीची, हिंगाची, तेलानं पारदर्शक झालेली भज्यांची. ही शेवटची तर बाळाबाईंकडून मागून आणलेली. सगळ्या बोळानं आश्चर्य केलं. जी बाई दुसऱ्याच्या घरच्या पाटावर बसत नाही, ती लोकांचे खरकटे कागद गोळा करते? अक्काताई ते कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून आणायच्या, खिडकीत वाळवायच्या, आणि दर कागदामागं हात धुवायच्या. किळस यायचीच. पण कागद दर वेळी नवा असायचा, आणि नवा कागद पाठ नसतो.

कांचननं पहिला कागद हातात घेतला आणि आधी चित्र शोधलं. चित्र नव्हतं. मग बोट फिरवत खुशाल सुरू झाली, "एक होता राजा..."

"राजा कुठं हाय? बोट ठेव."

बोट ठेवायला जागा सापडेना. पोरगी रडायला लागली. रडता रडता पाटी थुंकीनं पुसली, त्याबद्दल हातावर चापट मिळाली, मग आणखी रडली. विजयमाला डोळे चोळत उठून आली. "वन्सं, कशाला रडवताय तिला? सगळं येतंय की तिला. चार लोकांत कशी वाचती."

"चार लोकांत येतंय, माझ्यापुढं येत न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "मी काय पाचवी माणूस न्हाय का?"

विजयमाला पुटपुटत परत झोपायला गेली. अक्काताईंनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि तिच्यावर एकच अक्षर काढलं.

महिना गेला. बाहेर गगनबावड्याकडून पावसाचे लोट येत होते, माजघरात दिवसा कंदील लागत होता. एका दुपारी बाजारभावाचा तुकडा हातात आला. कांचननं बोट ठेवलं, ओठ हलवले, परत पहिल्या अक्षरावर आली, आणि म्हणाली, "ब... टा... टा. आत्ती, बटाटा!" ज्या घराचा उंबरा बटाट्यानं कधी ओलांडला नव्हता, त्या घरात त्या पोरीनं वाचलेला पहिला शब्द बटाटा होता. अक्काताई आयुष्यात पहिल्यांदा बटाट्यावर खूश झाल्या.

पण त्यांना खरं समाधान झालं ते पुढं श्रावणात. हळदीची पुडी सोडवली तर कागद कानडी निघाला. सांगली-बेळगावकडनं असे कागद येतच. अक्काताईंनी मुद्दाम तोच पुढं केला. पूर्वीची कांचन असती तर तिनं त्यातून राजा, राणी आणि आगगाडी काढली असती. कांचननं तो उलटा केला, सुलटा केला, बोट ठेवलं, उचललं.

"आत्ती, हे मला वाचता येत न्हाय."

अक्काताईंनी तिला जवळ घेतलं आणि डब्यातली खारीक दिली. येत नाही असं म्हणायचं त्यांना स्वतःला तेराव्या वर्षी कुणी शिकवलं असतं तर!

इकडं तवनाप्पा स्वस्थ थोडाच बसणार होता. भाद्रपदात पर्युषणाचे दहा दिवस बस्तीत गर्दी असते. शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, लहान मुलांनी सगळ्यांपुढं पोथीचं पान वाचायचं आणि चांगलं वाचेल त्याला चांदीची वाटी, असं त्या वर्षी ठरलं होतं. तवनाप्पानं आधीच कोणतं पान ते विचारून आणलं. उपाध्यांनीही पोरांना भीती वाटू नये म्हणून ते सांगून टाकलं होतं. मग सकाळ-संध्याकाळ सोप्यात सुरू झालं. बाप म्हणतोय, पोरगी मागून म्हणतेय. पंधरा दिवसांत पान पाठ.

अक्काताई आतून ऐकत होत्या. तोच सूर होता, तीच लय, आण्णांच्या वेळची. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"तवना, तिला आता खरं वाचाय यायला लागलंय. सावकाश येतंय, पण येतंय. हे कशाला घालतोस तिच्या तोंडात?"

"सावकाश वाचून वाटी मिळती व्हय?" तवनाप्पा चिडला. "आण्णांनी तुलाबी असंच शिकवलं हुतं. चांगलं ठिकाण मिळालं हुतं की. तुलाच टिकवता आलं न्हाय."

विजयमालानं मान खाली घातली. अक्काताईंना आत्ता कळलं. पस्तीस वर्षं याच्या ताटात आपण वाढलं, हे याच्या पोटात होतं.

"टिकवण्यासारखं काय हुतं त्यात?" त्या एवढंच म्हणाल्या. आणि त्या रात्री कांचनच्या केसांना तेल लावताना त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली, की पाठ म्हणणं चोरी नव्हे, बाळ, चांगलंच असतं. पण पाठ म्हणायचं आणि वाचलं म्हणून सांगायचं, ती चोरी.

अनंत चतुर्दशीला दुपारी बस्ती गच्च भरली होती. तवनाप्पानं शिरोळचे उसाचे बागायतदार जिनपाल पाटील यांना मुद्दाम बोलावून पुढं बसवलं होतं. सहा पोरं होती. कापडवाल्यांचा सुकुमार, आठ वर्षांचा, रेशमी टोपी घालून आला आणि छताकडे बघत पान संपवून गेला. पोथीकडे त्यानं एकदासुद्धा बघितलं नाही. लोकांनी वाहवा केली. अक्काताईंनी बायकांच्या बाजूला नाकाला पदर लावला.

मग कांचन उभी राहिली. उपाध्यांनी पान पुढं केलं. तिनं पानाकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "म्हणून दावू, का वाचून दावू?"

लोक हसले. उपाध्ये गोंधळले. "वाच की बाळ. वाचायचंच हाय."

"मग दुसरं पान द्या. हे पाठ हाय."

उपाध्यांनी मुकाट्यानं पान उलटलं. कांचननं बोट ठेवलं आणि सुरुवात केली. जोडाक्षरापाशी थांबायची, ओठातल्या ओठात जुळवायची, चुकलं तर मागं जायची, मग पुढं. चार ओळींत लोकांची चुळबुळ सुरू झाली. कुणी खोकलं, कुणाचं पोर रडलं. "हिला येत न्हाय वाटतं," मागून एक बाई म्हणाली. सातव्या ओळीला उपाध्ये म्हणाले, "बरं, बरं, पुरे बाळ." तवनाप्पाचा चेहरा उतरला होता. जिनपाल पाटलांनी सहानुभूतीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाळा बदला, पावणं." अक्काताईंचे डोळे मात्र भरून आले होते. भर बस्तीत तेवढी एकच पोरगी वाचत होती, आणि तेवढ्या एकीलाच वाचता येत नाही असं सगळ्यांचं मत झालं होतं.

वाटी सुकुमारला मिळाली. वाटीबरोबर छापील प्रशस्तिपत्रक.

बाहेर चपलांपाशी सुकुमार ते मिरवत उभा होता. कांचननं विचारलं, "काय लिवलंय रे त्यात?"

"माझं नाव हाय."

"कुठं?"

त्यानं बोट ठेवलं ते छापखान्याच्या नावावर. कांचननं कागद आपल्याकडे वळवला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, "शुद्ध... व... स्पष्ट... वाचनाबद्दल." मग खाली बोट नेलं. "सु... कु... मार. हितं हाय बघ तुझं नाव."

जिनपाल पाटील मागंच चप्पल घालत होते. ते खो खो हसले. "आयला, बक्षीस घेणाऱ्याला बक्षीस वाचता येईना." चार माणसं वळली. चिडून पुढं निघालेला तवनाप्पाही वळला. त्याला काय झालं ते कळायला वेळ लागला, पण कळल्याबरोबर त्याच्या तोंडावर पुन्हा रंग चढला.

"वाचतीच हो ती. घरात शिकवलंय तिला," तो म्हणाला. "कांचन, परत वाच बघू. पाटलांना नीट ऐकू आलं न्हाय."

कांचननं वाचलं. मग उपाध्ये बाहेर आले. "उपाध्ये, ऐका हे. वाच गं." तिनं वाचलं, या वेळी जरा जोरात. मग कापडवाल्यांचे शेजारी आले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. सुकुमार मान खाली घालून बापाच्या धोतराला धरून उभा होता, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. चौथ्यांदा तवनाप्पानं हाक मारली तेव्हा कांचन हसत होती. बोट कागदावर फिरत होतं, शब्द धबधब्यासारखे येत होते, आणि डोळे होते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे, कौतुक कधी करतो ते बघत.

अक्काताईंनी ते डोळे बघितले. 

"शी," त्या म्हणाल्या. पुढं होऊन त्यांनी प्रशस्तिपत्रक पोरीच्या हातातून काढून सुकुमारला दिलं आणि तिचा दंड धरून तिला रस्त्याकडे ओढलं. फुटाणेवाल्याच्या गाडीखाली चिखलात एक पुडीचा कागद पडला होता, कुणाच्या तरी पायानं तुडवलेला. अक्काताई वाकल्या. चिमटीनं नाही, पुऱ्या पंजानं त्यांनी तो उचलला आणि आपल्या धुतल्या, सणाच्या लुगड्याला पुसला.

मागून तवनाप्पा ओरडला, "शी, अक्का! कसला घाणेरडा कागद उचलतीस? लोक बघत्यात!"

अक्काताईंनी मागं बघितलं नाही. "हे वाच," त्या कांचनला म्हणाल्या.

कांचनचं हसू गेलं. तिनं कागद दोन्ही हातांत धरला, चिखल लागलेल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ओठातल्या ओठात पहिलं अक्षर जुळवायला लागली. अक्काताई तिच्याजवळ उभ्या राहिल्या.